चेटकिणींचा धर्म आणि आपला नकार

जेराल्ड गार्डनर यांचे 'विचक्राफ्ट टुडे' मी दोनदा वाचले. पहिल्यांदा कुतूहलाने, दुसऱ्यांदा अस्वस्थ होऊन. गार्डनर हे मलायात जकात खात्यात नोकरी केलेले इंग्रज गृहस्थ. इंग्लंडमधील चेटूकविषयक १७३५ चा कायदा १९५१ साली रद्द झाला. १९५४ साली या पुस्तकात त्यांनी मांडले की, चेटूक हा ख्रिस्तपूर्व धर्म असून तो गुप्तपणे आजवर टिकला आहे. मूळ सिद्धांत मार्गारेट मरे यांचा, १९२१ चा. पुस्तकाची प्रस्तावनाही त्यांचीच.

पुढे 'विक्का' या नावाने रूढ झालेल्या या धर्मात सैतान नाही. देवी आहे, देव आहे, ऋतूंचे सण आहेत, कुणाला इजा करू नये हा दंडक आहे. स्त्रीला पुरोहितपद आहे, हे मी मोलाचे मानतो. शिवी म्हणून फेकलेला शब्द उचलून अस्मितेचा करणे दलित कवितेलाही परके नाही.

मग अस्वस्थता कशाची? ही अखंड परंपरा नव्हतीच, हा धर्म विसाव्या शतकात घडला, हे रोनाल्ड हटन यांनी १९९९ साली 'द ट्रायम्फ ऑफ द मून'मध्ये दाखवून दिले. युरोपात चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारे ४० ते ५० हजार माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्या कोणत्याही गुप्त पंथाच्या उपासक नव्हत्या. त्यांच्या मरणाला आपल्या धर्माचे हौतात्म्य ठरवताना गार्डनर त्यांच्यावर तोच आरोप पुन्हा ठेवतात : तुम्ही चेटकिणी होताच!

आपल्या सातपुड्यात डाकीण ठरवलेली बाई काय म्हणते? 'मी डाकीण नाही.' तिचा हा नकार हाच तिचा विद्रोह. अशा छळाला गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, तो या नकाराच्या बाजूने. शिवीचा अलंकार करण्याचा हक्क ती सोसणाऱ्याचा; दुसऱ्याने तो परस्पर बजावू नये.

प्राचीनतेचा मोह आपल्यालाही आहे, हे कबूल केले पाहिजे. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स'मध्ये (१९४८) अस्पृश्य हे पूर्वीचे बौद्ध, असे मांडले. पण निसटलेले दुवे तर्काने जोडावे लागतात, हे प्रस्तावनेतच सांगितले. आणि १९५६ साली नागपुरात लोक उभे राहिले ते वंशावळीच्या आधाराने नव्हे, २२ प्रतिज्ञा घेऊन. नवा धर्म नवा म्हणूनच स्वीकारता येतो. त्यासाठी मेलेल्यांची खोटी साक्ष लागत नाही.