‘क्रेडल टू क्रेडल’: वर्तुळ पूर्ण कोण करतं?

वास्तुविशारद मॅकडोनो आणि रसायनतज्ज्ञ ब्राउनगार्ट यांचं हे २००२ सालचं पुस्तक कागदावर नाही, प्लास्टिकच्या पानांवर छापलंय, भिजत नाही. वस्तू घडवतानाच तिच्या पुढच्या जन्माचा विचार करा, हे त्यांचं म्हणणं आम्हाला पटतं. पण या विचाराचा नायक डिझायनर. टाकलेली वस्तू निवडतं कोण? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था महापालिकेबरोबर कामाला लागली. कोणतं प्लास्टिक विकलं जातं, कोणतं पडून राहतं, हे त्या बायकांना हात लावताच कळतं. हेही ज्ञानच आहे ना? ते डिझायनरच्या टेबलापर्यंत पोचत नसेल, तर वर्तुळ फक्त पुस्तकाच्या पानावर पूर्ण होतं, असं आम्ही म्हणू.