जतन, जीर्णोद्धार आणि वाघदेव

१९५८ च्या केंद्रीय स्मारक-अधिनियमाने प्राचीन स्मारकास किमान १०० वर्षांच्या अस्तित्वाची अट घातली आहे. दगडी देवालयांच्या बाबतीत ती रास्त होय. परंतु विसरवाडीच्या आसपासच्या आदिवासी मुलखात तिचे अपुरेपण उघड होते.

या मुलखातील कोकणा समाजात वाघदेवाची पूजा होते. वाघ, सूर्य, चंद्र, नाग कोरलेला त्याचा खांब पुष्कळदा लाकडी असतो. ऊन, पाऊस व वाळवी यांनी तो जीर्ण झाला, म्हणजे त्या जागी नवा उभारावा लागतो. अधिनियमाच्या मापाने हा खांब कालचा. घडणीच्या मापाने मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा.

या विसंगतीचे मूळ शब्दार्थात आहे. ‘जतन’ म्हणजे आहे ते राखणे. ‘जीर्णोद्धार’ म्हणजे जीर्ण झालेले पुन्हा उभारणे. अधिनियमाची अट पहिलाच अर्थ जाणते. जपानातील इसे येथील देवालय दर २० वर्षांनी नव्याने बांधले जाते. १९९४ च्या नारा दस्तऐवजानेही अस्सलपणाच्या विचारात मूळ द्रव्याबरोबर परंपरा, तंत्र व उपयोग यांना स्थान दिले.

तथापि हा न्याय सरसकट लावणे घातक ठरेल. जीर्णोद्धाराच्या नावाखाली दगडी देवळांवर चढणारे तैलरंग व सिमेंट मूळ शिल्पच बुजवतात. दगडाचे द्रव्य राखावे, लाकडाचे कसब राखावे, हा विवेक हवा. जुना खांब संग्रहालयात नेल्याने वाघदेव राखला जात नाही. लाकडाची निवड, कोरण्याची रीत, विधी आणि यांसाठी बोलीत असलेले शब्द यांची नोंद व्हावयास हवी. कोरणारा हात थांबला, तर पुढचा खांब उभारणार कोण?