मलंगबाबाची चिठ्ठी आणि आजीची चिंधी

मलंगगडाविषयी बोलणारे दोनच प्रकारचे लोक मला भेटतात. एकाला तिथे फक्त आपल्या धर्माची समाधी दिसते, दुसऱ्याला हिंदू-मुस्लिम ऐक्याचे चित्र. पहिल्याचे राजकारण १९८० च्या दशकापासून आपण पाहत आलो आहोत. त्यावर शाई खर्चण्यात अर्थ नाही. मला बोलायचे आहे ते दुसऱ्याविषयी, कारण तो आपला मित्र आहे आणि आपल्याच व्यासपीठावरून बोलतो.

हा मित्र कौतुकाने सांगतो की, हाजी मलंगच्या दर्ग्याची वहिवाट केतकर या ब्राह्मण घराण्याकडे आली. खरे आहे. ठाण्याच्या जुन्या गॅझेटिअरात हकीकतच आहे: १८१७ मध्ये मुसलमानांनी या वहिवाटीला हरकत घेतली, तेव्हा कलेक्टरने संताचाच कौल घ्यायचा ठरवून चिठ्ठ्या टाकल्या आणि तिन्ही वेळा केतकरांच्याच बाजूची चिठ्ठी निघाली. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे स्थान निव्वळ हिंदू वा निव्वळ मुस्लिम कायद्यात बसत नाही असे मानले. पण चिठ्ठ्या कुणाकुणाच्या नावाच्या होत्या, हे कुणी विचारीत नाही. गडाच्या वाटेवर ओझे वाहणाऱ्याची चिठ्ठी त्यांत नव्हती! समन्वय झाला तो वहिवाटदारांचा.

एवढ्यावर थांबलो तर मी खोटा ठरेन. माझी आजी गावच्या देवळाची पायरी कधी चढली नाही. मलंगबाबाला मात्र दरसाल माघी पौर्णिमेला जाई. "तिथं जात कुनी पुसत नाय," म्हणे. १९५६ नंतर घरातले देव नदीत गेले. टोपली तिनेच उचलली. वडिलांनी बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावल्या. आजी गेली तेव्हा तिच्या उशाखाली दर्ग्यावरची हिरवी चिंधी निघाली. आपल्या आत्मकथनांत देव बुडवल्याचे प्रसंग पुष्कळ आहेत. अशी चिंधी मला तरी आढळली नाही. नकार लिहिताना आपण आजीला गाळले काय?

उल्हासनगरच्या सिंध्यांना हे कळावे. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत ते झुलेलालला घेऊन आले. सिंधमधल्या उडेरोलालला त्यालाच मुसलमान शेख ताहीर म्हणतात. अर्धा देव तिकडेच राहिला. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराचे मात्र आपण शिल्पच पाहतो, शेजारून कारखान्यांची घाण घेऊन वाहणारी वालधुनी पाहत नाही.

बदलापूरच्या अभ्यासवर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, "मग सर, आजीने प्रतिज्ञा मोडली का?" अंधश्रद्धा हा शब्द माझ्या ओठांवर आला आणि तिथेच अडला. पुढच्या बैठकीला ती चिंधी घेऊन जाणार आहे.