इंद्राच्या नगरीला हसणारं शहर

नव्या राजधान्यांवरचा आमचा एपिसोड ऐकून झाला असेल, तर आता एक पुस्तक हातात घ्या. 'अखबार अल-सीन वल-हिंद', म्हणजे चीन आणि हिंदच्या वार्ता. त्यातला जुना भाग इ.स. 851चा, अरबीतला. टिम मॅकिंटॉश-स्मिथ यांचं इंग्रजी भाषांतर 2014 साली 'लायब्ररी ऑफ अरेबिक लिटरेचर'मध्ये आलं. ही मालिका तुमच्या अबू धाबीतल्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या पाठबळावर चालते.

पुस्तकात जगातले चार मोठे राजे मोजलेत: अरबांचा खलिफा, चीनचा, रूमचा आणि 'बल्हरा'. बल्हरा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूट सम्राट. तेव्हा गादीवर होता पहिला अमोघवर्ष. त्याचं राज्य सुरू कुठून होतं? किनाऱ्यावरच्या 'कुमकम'पासून. ओळखलंत? आपलं कोकण!

आता गंमत बघा. याच अमोघवर्षानं मान्यखेट ही नवी राजधानी उभारली. आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीचा 940चा ताम्रपट म्हणतो, हे शहर इंद्राच्या नगरीला हसायचं. अरबी पुस्तकात मात्र बल्हराचं कौतुक आहे, त्याच्या शहराचं नावही नाही.

असं का? कारण ही व्यापाऱ्यांची नजर आहे, आणि तिचं माप एकच: राजा अरबांशी कसा वागतो? बल्हरा प्रेमानं वागतो म्हणून थोर, गुर्जरांचा राजा वैरी म्हणून वाईट. ही पुस्तकाची मोठी मर्यादा. याच दरबारात 'कविराजमार्ग' हा कन्नडमधला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ घडला, हे त्याच्या गावीही नाही.

पण ताम्रपट तरी कुठे तटस्थ? तीही राजाच्या पदरच्या माणसांनी केलेली स्तुतीच. 972 साली माळव्याच्या सीयक परमारानं मान्यखेट लुटलं, आणि ते हसणं थांबलं.

मला हे साम्राज्य सर्वांत खरं दिसतं ते तिसऱ्याच ठिकाणी, पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीच्या 926च्या ताम्रपटात. देवीच्या मठिकेला दिलेल्या दानाची ही नोंद. त्यात संजाणच्या किनाऱ्यावर राष्ट्रकूटांनी नेमलेला अधिकारी भेटतो: मधुमती, जातीनं 'ताजिक', म्हणजे अरब. मूळ नाव बहुधा मुहम्मद. बाहेरून आलेला माणूस, परक्या राजाच्या चाकरीत, तिथलाच होऊन गेलेला.

शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर 'आपलं इथे काय आहे?' असं कधी मनात आलं, तर हा मधुमती आठवा. हजार वर्षांपूर्वी तोही हेच विचारत असेल, उलट्या किनाऱ्यावरून.

पुस्तक जरूर वाचा. फक्त ताम्रपट शेजारी ठेवून.