चांदीचे कलश आणि ओंजळ

जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये, दिवाण-ए-खासच्या दालनात, चांदीचे दोन प्रचंड कलश आहेत. त्यांना गंगाजळी म्हणतात. प्रत्येकाची उंची पाच फुटांहून अधिक, वजन ३४५ किलो. आत सुमारे ४,००० लिटर पाणी मावते. विद्यार्थ्यांची सहल घेऊन गेलो तेव्हा वाटाड्याने एकच गोष्ट तीनदा सांगितली : याला कुठेही डाख नाही.

ही कारागिरी असामान्य आहे आणि ती नाकारण्याचे मला कारण नाही. ठोकता ठोकता चांदी ताठर होते, चिरू पाहते; तापवून ती पुन्हा पुन्हा मऊ करावी लागते. सांध्याशिवाय एवढे पोट फुगवायचे म्हणजे हातोडीच्या घावाघावाचा हिशेब हवा. आमच्या घरात जर्मनच्या पातेल्यापलीकडे भांडे नव्हते, तरी हातातले कसब मला कळते.

पण आपले कलासमीक्षक नेमके इथेच थांबतात. भांडे कशासाठी, हे विचारायचे कोणी? १९०२ साली सवाई माधोसिंह दुसरा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला निघाला, तेव्हा असल्या कलशांत गंगाजळ भरून त्याने बरोबर नेले. परक्याचे पाणी पोटात जाऊन धर्म बुडू नये म्हणून. गोऱ्या बादशहापुढे मान लवली तरी चालेल, पाणी मात्र शुद्ध हवे! मग डाख नसणे ही नुसती करामत राहत नाही. बाहेरचे काही आत शिरू न देणाऱ्या मनाचेच ते रूप वाटू लागते.

पंचवीस वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले ते शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून. म्हणजे शुद्धीला चांदीच लागते असे नाही; घागरही चालते. चालत नाही ती आमची ओंजळ. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच जाळलेल्या मनुस्मृतीचा दहावा अध्याय चांडाळाला जेवायला फुटके भांडे आणि अंगावर लोखंडाचे दागिने नेमून देतो. धातूंची ही उतरंड सोनाराच्या ताजव्यात ठरलेली नाही.

आपल्याकडे जुन्या अत्तरदाण्या-गुलाबदाण्यांवर कौतुकाने लिहिले जाते. नक्षी, घडण, वजन सगळे येते. ते गुलाबपाणी बैठकीत कुठवर शिंपडले जाई आणि उंबऱ्याबाहेर कोण उभे असे, एवढे दोन ओळींत तरी यावे.