समीकरण सोडवतो, पण वाचतो का?

सातवी-आठवीच्या वर्गात समीकरण येते ते बहुधा आज्ञेच्या रूपाने : 'क्षची किंमत काढा.' मुले ती काढतातही. 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हा मंत्र पाठ असला की उत्तर येते, गुणही मिळतात. मात्र समीकरणात लिहिले आहे काय, हे क्वचितच विचारले जाते. आपल्या बीजगणित-अध्यापनातला मोठा दोष हाच आहे.

एक कसोटी घेऊन पाहावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीसाठी दर ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक हवा. हे प्रमाण नेमके आहे असे समजून, विद्यार्थ्यांची संख्या 'व' आणि शिक्षकांची 'श' घेऊन समीकरण लिहायला सांगा. ३५व = श असे उत्तर हमखास येईल. आता श = १ घ्या; एका शिक्षकाच्या वाट्याला विद्यार्थ्याचा पस्तिसावा भाग येतो! बरोबर समीकरण व = ३५श. ही चूक केवळ कच्च्या मुलांची नव्हे. अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशाच प्रश्नावर अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे १५० पैकी ३७ टक्के विद्यार्थी चुकले होते. 'व' म्हणजे विद्यार्थी नव्हे, विद्यार्थ्यांची संख्या, हा भेद त्यांच्या मनात ठसलेला नव्हता. 'आ म्हणजे आंबे' असे फळ्यावर लिहिताना आपणच तो पुसतो.

दुसरा आक्षेप उदाहरणांवर. बापलेकांची वये वर्षानुवर्षे तीच. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो मजूर ऊसतोडणीला जातात. धर्मापुरीच्या परिसरातील शिक्षकाला समीकरण शोधायला पुस्तक उघडावे लागू नये. समजा, एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, ७०,००० रुपये उचल घेतली आणि तोडणीचा दर टनाला ३५० रुपये आहे. (आकडे सोयीसाठी घेतले आहेत.) 'ट' टन ऊस तोडल्यावर राहिलेली बाकी 'ब' अशी :

ब = ७०,००० − ३५०ट

आता सोडवण्याआधी वाचू या. ७०,००० ही निघण्याच्या दिवसाची बाकी. ३५० हा सहगुणक सांगतो की प्रत्येक टनामागे ती किती उतरते. ब = ० केव्हा? २०० टनांना, रोज दोन टन तोडले तर शंभराव्या दिवशी. २२० टन झाले तर ब = −७,०००, म्हणजे आता मजुराचेच ७,००० येणे आहे. खाड्याचा दंड दिवसाला ५०० असेल तर तो कोठे बसेल, आणि त्याचे चिन्ह अधिक का? आठवीच्या मुलाने यावर वाद घालावा.

उणे संख्येला आपण 'ऋण' म्हणतो, ते उगीच नाही. धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर ज्या चालुक्यांच्या काळातले, त्याच राजवटीत, ११५० च्या सुमारास, भास्कराचार्यांनी 'बीजगणित' लिहिले. त्यातले एक उदाहरण असे : एकाजवळ ६ घोडे व ३०० नाणी, दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे १० घोडे, पण १०० चे कर्ज. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत किती?

६क्ष + ३०० = १०क्ष − १००

तराजूच्या पारड्यात उणे शंभर ठेवता येत नाहीत. कर्ज मात्र समजते. दोघांना शंभर-शंभर दिले की दुसऱ्याचे कर्ज फिटते आणि पहिल्याजवळ ४०० होतात. मग दोघांचे सहा-सहा घोडे बाजूला काढले की चार घोडे म्हणजे ४००. एक घोडा १०० चा. चिन्ह का बदलले, हे मंत्राविना कळते.

म्हणून दोन सूचना. उत्तर काढण्यापूर्वी प्रत्येक पदाचा अर्थ वाक्यात लिहून घ्यावा. आणि परीक्षेत एक प्रश्न उलटा असावा : समीकरण आपण द्यावे, त्याला साजेशी हकिगत मुलांनी लिहावी.

आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलांचे हंगामातले अनेक महिने बुडतात. परतल्यावर त्यांना शिकवायला थोडाच वेळ उरतो. त्या वेळात निदान घरची उचल फिटली की नाही, हे पोराला स्वतः पडताळता यावे, एवढे तरी बीजगणिताने साधले पाहिजे.