गॅरेजचे आतले दार : एका वास्तुनिर्णयाची चिकित्सा

सारांश

नवे घर बांधताना गॅरेजमधून थेट घरात उघडणारे दार ठेवावे की नाही, हा प्रश्न सामान्यतः सोयीचा म्हणून हाताळला जातो. प्रस्तुत लेखात फ्रँक लॉइड राइट व ल कार्बुझिए यांच्या तीन प्रसिद्ध घरांचा, अमेरिकन उपनगरी घराचा आणि आगीसंबंधीच्या नियमांचा आधार घेऊन या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. हे दार गाडीसाठी नसून माणसांसाठी असते. त्यामुळे त्यातून कोण आत येणार आणि कोणती हवा आत येणार, या दोन प्रश्नांवरच त्याचा निर्णय व्हावा, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : गृहरचना, गॅरेज, उंबरठा, उपनगर, अग्निसुरक्षा, सुगम्यता

१. प्रस्तावना

मराठी बोलीत ‘गॅरेज’ म्हटले की प्रथम डोळ्यांसमोर येते ते गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचे दुकान. घरातील गाडी ठेवण्याच्या जागेला आपण ‘पार्किंग’, ‘शेड’ किंवा ‘पोर्च’ म्हणतो. संस्थानिकांच्या वाड्यांत ‘मोटारखाना’ असे. पण तो मुख्य इमारतीपासून दूर, पागेच्या शेजारी. घराच्या पोटात असलेले, आतून दार असलेले गॅरेज ही कल्पना आपल्याकडे अलीकडची आहे. तथापि तालुक्याच्या गावांतूनही स्वतंत्र बंगल्यांचे आराखडे आता या दारासह तयार होऊ लागले आहेत.

प्रस्तुत लेखिकेचा या विषयाशी संबंध केवळ अभ्यासापुरता नाही. आमच्या नियोजित घराच्या पहिल्या आराखड्यात गॅरेजमधून स्वयंपाकघरामागील धुण्याभांड्यांच्या जागेत उघडणारे दार दाखवले होते. त्याचे समर्थन दोन कारणांनी करण्यात आले. अर्धांगवायूमुळे चाकांच्या खुर्चीवर असलेल्या सासूबाईंना गाडीतून उतरून पावसात न भिजता आत येता येईल, हे पहिले. आणि घरकामास येणाऱ्या बाईंना तेथूनच ये-जा करता येईल, हे दुसरे. ही दोन्ही कारणे एकाच दमात सांगितली गेली, तेव्हा हा प्रश्न केवळ सोयीचा नाही याची जाणीव झाली. प्रस्तुत विवेचनाचा आरंभ तेथून आहे.

२. तीन घरे, तीन उत्तरे

मोटार येण्यापूर्वी पाश्चात्त्य घरांत घोडा आणि बग्गी यांची जागा मागच्या अंगणात, घरापासून दूर असे. दुर्गंधी, माशा आणि आग ही त्याची उघड कारणे होत. आरंभीच्या मोटारीही याच तबेल्यांत ठेवल्या गेल्या. अमेरिकन भूदृश्याचे अभ्यासक जे. बी. जॅक्सन यांनी १९७६ साली ‘द डोमेस्टिकेशन ऑफ द गॅरेज’ या निबंधात ही दूरची जागा हळूहळू कुटुंबजीवनाचा भाग कशी झाली याचा मागोवा घेतला आहे. या प्रवासातील तीन घरे येथे विचारार्थ घेतली आहेत.

पहिले घर शिकागो येथील रोबी हाउस (१९०९-१०). राइट यांनी सायकल उद्योगातील एका तरुण मालकासाठी ते बांधले. तीन मोटारींचे गॅरेज येथे घराच्या मूळ रचनेतच सामावले आहे, म्हणून हे घर या इतिहासात नेहमी उल्लेखिले जाते. परंतु गॅरेजच्या वर नोकरांच्या खोल्या आहेत, या गोष्टीकडे सहसा लक्ष वेधले जात नाही. मोटार घराला जोडली गेली ती सेवेच्या बाजूने. यंत्राला घरात स्थान मिळाले. ते यंत्र सांभाळणाऱ्यांना मात्र यंत्राच्याच बाजूला ठेवण्यात आले.

दुसरे घर पॅरिसजवळील प्वासी येथील व्हिला साव्हॉय (१९२८-३१). ल कार्बुझिए यांनी खालच्या मजल्याची वक्र भिंत मोटारीच्या वळण्याच्या कक्षेवरून ठरवली. गाडी खांबांच्या मधून घराखाली शिरते, मालकाला मुख्य दारापाशी सोडते आणि पुढे वळून गॅरेजात जाते. आधुनिकतेचा जाहीरनामा म्हणून गौरवलेल्या या घरात मालक आणि वाहनचालक यांचे मार्ग दाराशीच वेगळे होतात. म्हणजे मोटारीच्या कक्षेने घराचा आकार बदलला, पण घरातील उतरंड बदलली नाही. या घराच्या मालकीणबाईंनी पुढे पावसाच्या गळतीबद्दल केलेल्या तक्रारींत गॅरेजच्या भिंतीचाही उल्लेख होता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

तिसरे घर अमेरिकेतील मॅडिसन येथील जेकब्ज हाउस (१९३७). एका पत्रकाराच्या कुटुंबासाठी सुमारे साडेपाच हजार डॉलरांत उभारलेल्या या घरात राइट यांनी गॅरेजच रद्द केले. मोटार म्हणजे घोडा नव्हे, तेव्हा तिला तबेल्याची गरज नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी भिंतींशिवाय केवळ पुढे आलेले छप्पर दिले आणि प्रवेश त्याच छपराच्या आश्रयाला ठेवला. पायी येणारा आणि गाडीने येणारा, दोघेही एकाच आच्छादनाखालून एकाच दाराने आत जातात. विस्कॉन्सिनच्या बर्फाळ हिवाळ्यात उघडे छप्पर कितपत पुरेसे आहे, असा आक्षेप येथे घेता येतो व तो रास्तही आहे. तरीही तिन्ही घरांत हे सर्वांत लहान, सर्वांत स्वस्त आणि प्रवेशाच्या दृष्टीने सर्वांत समताधिष्ठित उत्तर आहे, असे म्हणावे लागते.

३. आतले दार आणि दर्शनी दार

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन उपनगरांनी जेकब्ज हाउसचा मार्ग पुढे चालवला नाही. १९४७ पासून उभारलेल्या लेव्हिटाउनच्या पहिल्या घरांना गॅरेज नव्हते. पुढील दशकांत मात्र ते घराला जोडले गेले, दोन-तीन गाड्यांइतके रुंद झाले आणि रस्त्याच्या बाजूला सरकले. गॅरेजचे थोबाड पुढे काढून उभ्या असलेल्या या घरांना तेथे उपहासाने ‘स्नाउट हाउस’ म्हणतात. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहराने १९९९ मध्ये यावर नियम केले. गॅरेजने दर्शनी बाजूच्या निम्म्याहून अधिक रुंदी व्यापू नये आणि मुख्य दार रस्त्यावरून दिसावे, हा त्यांचा गाभा होता.

हे नियम दर्शनी बाजूपुरते होते. खरा बदल आतल्या दाराने घडवला होता. कुटुंबातील माणसे गाडीतून उतरून आतल्या दाराने घरात जाऊ लागली, तेव्हा मुख्य दार पाहुण्यांपुरते आणि टपालापुरते उरले. ज्या दाराने घरचेच येत नाहीत, त्या दारासमोरच्या पायरीवर कोणी बसत नाही आणि शेजाऱ्याशी जाता-येता होणारे दोन शब्दांचे बोलणेही होत नाही. येथे गॅरेज हे कारण की परिणाम, हा वाद संपणारा नाही. रस्त्यांची रचना, अंतरे आणि दूरचित्रवाणी यांचाही त्यात वाटा आहे. परंतु आतले दार या बदलाला मदत करते, एवढे निश्चित.

याची एक उपरोधिक परिणतीही आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा तपशीलवार अभ्यास केला. तो २०१२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश गॅरेजांत सामान इतके साठले होते की गाडीला जागाच नव्हती. आपल्याकडे जे काम माळ्याने केले, ते तेथे गॅरेज करते. गाडीसाठी म्हणून ठेवलेले दार पुष्कळदा अडगळीच्या खोलीचे दार ठरते.

४. उंबरठ्याची उंची

सामाजिक परिणामांइतकाच सुरक्षिततेचा विचार महत्त्वाचा आहे. अमेरिकेत प्रचलित असलेल्या आदर्श गृहसंहितेनुसार गॅरेजचे दार शयनगृहात थेट उघडता येत नाही. घरात उघडणारे दार भरीव लाकडाचे, पोलादी किंवा किमान वीस मिनिटे आग थोपवणारे लागते. इंग्लंडमध्ये हीच अपेक्षा तीस मिनिटांची असून दार आपोआप बंद होणारे असावे लागते. यामागील कारणे साधी आहेत. गॅरेजात इंधन असते, रंगाचे डबे असतात आणि आता विजेवरील वाहनांचे चार्जिंगही तेथेच होते. २०२२ मध्ये आपल्या देशात विजेवरील दुचाकींना लागलेल्या आगी वाचकांच्या स्मरणात असतील.

हवेचा प्रश्न आगीहूनही फसवा आहे. सुरू इंजिनातून बाहेर पडणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. इंधनाच्या वाफेतील बेंझीनचे प्रमाण जोडलेले गॅरेज असणाऱ्या घरांत अधिक आढळते, असे कॅनडाच्या आरोग्य खात्याने नोंदवले आहे. आपल्याकडील पार्किंग बहुधा दोन-तीन बाजूंनी मोकळे असल्यामुळे हा धोका कमी वाटतो. परंतु चोरीच्या भीतीने किंवा भाडेकरू ठेवण्यासाठी त्याच जागेला पुढे शटर बसवले जाते, बाजू विटांनी भरून घेतल्या जातात आणि मोकळी जागा बंदिस्त खोली होते. आराखड्यात उघड्या पार्किंगकडे असलेले दार अशा वेळी प्रत्यक्षात बंद गॅरेजचे दार ठरते. निर्णय घेताना ही पुढची शक्यता गृहीत धरणे आवश्यक आहे.

इंग्लंडच्या नियमांतील एक तरतूद मराठी वाचकाला विशेष उद्बोधक वाटेल. सांडलेले इंधन घरात वाहत येऊ नये म्हणून गॅरेजकडील दाराची चौकट गॅरेजच्या जमिनीपेक्षा किमान १०० मिलिमीटर उंच असावी, अथवा गॅरेजच्या जमिनीला बाहेरच्या दिशेने उतार असावा, असे तेथे सांगितले आहे. याचा अर्थ असा, की आपण जुनाट म्हणून काढून टाकलेला उंबरठा येथे अग्निसुरक्षेचे साधन म्हणून परत येतो. परंतु हाच उंबरठा चाकांच्या खुर्चीला अडवतो. ज्या सासूबाईंसाठी हे दार हवे होते, त्यांनाच ते पार करता येणार नाही, असा हा पेच आहे. नियमातील दुसरा पर्याय, म्हणजे बाहेरचा उतार, तो सोडवतो. मात्र तो पाया घालतानाच ठरवावा लागतो. दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर आणि उताराचे प्रमाण एकास बारा, हे सुगम्यतेचे निकषही कागदावर असतानाच पाळता येतात. फरशी बसल्यावर नव्हे.

५. स्मरणरंजनाची मर्यादा

अशा विषयावर लिहिताना ओटी, ओसरी, पडवी यांची आठवण काढून आतल्या दाराचा निषेध करणे सोपे आहे. जुन्या घरांत रस्ता आणि माजघर यांच्यामध्ये पायरीपायरीने जाणारी जागा होती आणि ती आपण गमावली, हे खरेच. देशावरील व मावळातील काही घरांत गुरेही त्याच छपराखाली असत. म्हणजे ‘वाहन’ घरात असणे हेही आपल्याला सर्वस्वी नवे नाही. तथापि या पायऱ्या सर्वांसाठी सारख्या नव्हत्या. कोणी अंगणात थांबायचे, कोणी ओसरीवर टेकायचे आणि कोणी मागील दाराने यायचे, हे जातीने, स्पृश्यास्पृश्यतेने आणि लिंगभावाने ठरत असे. उंबरठा हा आतिथ्याचा होता तसाच अडवणुकीचाही होता. त्याच्या गौरवात हा दुसरा भाग वगळणे ही समीक्षेतील अप्रामाणिकता ठरेल.

या दृष्टीने पाहता गॅरेजचे आतले दार जुन्या मागील दाराचा वारसा नव्या रूपात चालवते. आमच्या आराखड्यात आजारी व्यक्ती आणि कामास येणारी स्त्री यांना एकाच बाजूच्या दाराने आत घेण्याची योजना होती. तिच्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. मुख्य दार ज्यांच्यासाठी नाही त्यांच्यासाठी दुसरे दार, हा विचार मात्र त्यात न बोलता आलेला होता.

उलट बाजूही मांडली पाहिजे. रात्री उशिरा एकटी घरी परतणारी स्त्री, मुसळधार पावसात तान्हे मूल घेऊन उतरणारी आई, गुडघे दुखणारे वृद्ध यांच्यासाठी आच्छादित प्रवेश ही चैन नव्हे. शेजारधर्माच्या नावाखाली त्यांना भिजत ठेवण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. म्हणून ‘दार हवे की नको’ या स्वरूपात हा प्रश्न मांडणेच अपुरे आहे.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) गॅरेज बंदिस्त असेल, किंवा पुढे बंदिस्त होण्याची शक्यता असेल, तर त्याचे दार शयनगृहात वा स्वयंपाकघरात थेट उघडू नये. मध्ये हवा खेळती असलेला लहानसा बोळ असावा आणि दार आपोआप बंद होणारे असावे.

२) गॅरेजच्या जमिनीचा उतार बाहेरच्या बाजूस ठेवावा, म्हणजे इंधन अडते आणि चाकांची खुर्ची अडत नाही.

३) आतले दार ज्या जागेत उघडते, तेथेच मुख्य दारही उघडावे. दोन्ही वाटा घराच्या आत शिरण्यापूर्वी एकत्र आल्या, तर कोणी मागच्या दाराचा ठरत नाही.

४) आपल्या हवामानात आणि लहान भूखंडांवर पोर्चला लागून असलेले उघडे, छपराचे पार्किंग हा बहुतेक कुटुंबांसाठी अधिक योग्य पर्याय आहे. तेथे आतल्या दाराची गरजच उरत नाही.

आमच्या आराखड्यात अखेर चौथा पर्याय स्वीकारला. गाडीचे छप्पर मुख्य दारापर्यंत ओढून घेतले आणि पायऱ्यांच्या शेजारी उतार दिला. सामासिक अंतर सोडून उरलेल्या जागेत हे बसवण्यासाठी दिवाणखान्याची रुंदी अडीच फुटांनी कमी करावी लागली. घरात त्याबद्दल नाराजी आहे आणि ती अनाठायी नाही, कारण पाहुणे बसवायला जागा कमी पडणारच. परंतु सासूबाई आणि कामास येणाऱ्या बाई आता त्याच दाराने येतील, ज्या दाराने आम्ही येऊ. त्यासाठी मोजलेली अडीच फुटांची किंमत प्रस्तुत लेखिकेस योग्य वाटते.